मोर्गोंची बाटली: फ्रेंच शेतकऱ्याच्या घरची रेड वाइन ओळखावी, आणावी आणि प्यावी कशी

फ्रान्समधल्या लियों शहरात कामासाठी राहत होतो तेव्हाची गोष्ट. एका रविवारी विलिए-मोर्गों गावाबाहेरच्या द्राक्षबागेचा फोटो काढून निफाडला बाबांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: ‘ही बाग आहे की वांग्याचं शेत?’

बाबा काही चुकत नव्हते. मांडव नाही, वाय पद्धत नाही, तार नाही, ठिबकच्या नळ्या नाहीत. गुडघ्याएवढं खोड, त्यातून वर निघालेल्या चार-पाच काड्या आणि अशी झुडपं एकरी साडेतीन-चार हजार. आमच्याकडे एकराला हजारभर वेली म्हणजे डोक्यावरून पाणी. छाटणीही तिथं वर्षातून एकदाच, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना. आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी अशी दुहेरी कसरत नाही. एकरी माल तीन टनांच्या आसपास, कारण त्यापुढे गेलं तर गावाचं नाव बाटलीवर लावता येत नाही. हा आकडा ऐकून बाबा काही वेळ बोललेच नाहीत.

अशाच एखाद्या घरची एक बाटली विकत घेऊन नीट पिण्यापर्यंत काय काय करायचं, ते इथं लिहितो आहे. फ्रान्समध्ये रेड वाइनचे शेकडो गाव आहेत. मी मोर्गों निवडलं ते सोयीसाठी. ही वाइन तोंड कोरडं पाडत नाही, थंड करून पिता येते, आपल्या मसाल्यापुढे टिकते आणि बोर्दो किंवा बर्गंडीच्या नामांकित बाटल्यांसारखा खिसाही कापत नाही.

आधी गाव, मग घर

लियोंच्या उत्तरेला टेकड्यांचा जो पट्टा आहे तो बोजोले. इथं लाल वाइनसाठी एकच द्राक्ष: गामे. 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानं फर्मान काढून हे द्राक्ष आपल्या मुलखातून उपटून टाकायला सांगितलं होतं. माल भरपूर देतं पण वाइन हलकी होते, असा त्याचा राग. बर्गंडीच्या चुनखडीवर ते खरंही असेल. दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटवर मात्र तेच गामे रमलं.

बाटलीवर नुसतं ‘बोजोले’ असेल तर ती सगळ्यात साधी पायरी. ‘बोजोले-व्हिलाज’ त्याच्या वर. त्याहून वर दहा गावठाणं, ज्यांना ‘क्र्यू’ म्हणतात: सेंत-आमूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मोर्गों, रेन्ये, ब्रूई आणि कोत द ब्रूई. यातलं रेन्ये 1988 मध्ये सामील झालं, मोर्गोंला हा दर्जा 1936 पासून आहे. गोंधळ होतो तो इथंच: या दहांच्या बाटलीवर बहुतेक वेळा गावाचंच नाव ठळक असतं, ‘बोजोले’ शब्द कुठं दिसतही नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर गाजावाजा करून येणारी ‘बोजोले नूव्हो’ ही वेगळी चीज. ती दोन महिन्यांची कोवळी वाइन, मजेपुरती ठीक. तिच्यावरून मोर्गोंची परीक्षा करणं म्हणजे कैरीवरून हापूसची परीक्षा करणं.

मोर्गोंच्या आतही सहा वाड्या आहेत: कोत द्यू पी, कोर्सलेत, ग्रां क्रा, ले शार्म, ले मिकू आणि दूबी. पहिली भेट असेल तर दोनच लक्षात ठेवा. कोत द्यू पी ही टेकडी. तिथला खडक हाताने चुरता येतो. एका शेतकऱ्यानं बांधावरून ढेकूळ उचलून माझ्या तळहातावर ठेवलं आणि मूठ आवळायला सांगितलं. निळसर करड्या पापुद्र्यांचा भुगा झाला, बोटांना गंजासारखा तांबूस रंग लागला. या मातीला ते ‘सडका खडक’ असंच म्हणतात. आपण मुरूम म्हणू. इथली वाइन भरीव, दोन-चार वर्षं थांबायला लावणारी. कोर्सलेतची जमीन वाळूसर ग्रॅनाइटची, वाइन नाजूक आणि लवकर प्यायला तयार. भारतात आणायची असेल तर माझं मत कोर्सलेतला. का, ते पुढं येईल.

बाबांचा दुसरा प्रश्न होता: ‘खुंटावर आहे का स्वमुळावर?’ खुंटावरच, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळावर कलम केलेली. आपल्याकडे डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात ते खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकन खुंटाशिवाय गत्यंतर उरलं नाही. त्या काळी कलमांचा आग्रह धरणारा व्हिक्तोर प्युलिया हा शेजारच्याच शिरूब्लचा.

लेबलवर शेतकरी शोधा

‘कौटुंबिक’ हा शब्द विक्रीला फार सोयीचा. लेबलवर जुन्या दगडी घराचं चित्र, खाली वळणदार अक्षरात आडनाव आणि ‘ए फीस’, म्हणजे ‘आणि मुलगे’. यातून काहीही सिद्ध होत नाही. मोठमोठ्या व्यापारी पेढ्यांच्या नावातही ‘आणि मुलगे’ असतात. तेव्हा चित्र सोडा आणि तळाची सगळ्यात बारीक ओळ वाचा.

तिथं ‘मीझ आं बुतेय ओ दोमेन’ असं असेल तर वाइन त्याच मळ्यावर बाटलीत भरली. ‘आ ला प्रोप्रिएते’ याचाही अर्थ जवळपास तोच, पण हे शब्द सहकारी सोसायटीलाही वापरता येतात, कारण सभासदांची मालमत्ता ती सोसायटीची मालमत्ता धरतात. सहकारी वाइन वाईट असते असं नव्हे. पण एका घरची वाइन हवी असेल तर ती ही नाही. ‘दां नो काव्ह’, म्हणजे ‘आमच्या तळघरात’ भरली, असं असेल तर सावध व्हा: तळघर त्यांचं, द्राक्षं कुणाची हे ती ओळ सांगत नाही. ‘नेगोसियां’ म्हणजे सरळ व्यापारी, जो इतरांकडून द्राक्षं किंवा तयार वाइन घेऊन स्वतःच्या नावानं विकतो. ‘प्रोप्रिएतेर-रेकोल्तां’ म्हणजे मालक तोच आणि तोडणी करणाराही तोच. ‘व्हिन्यरों’ म्हणजे आपला द्राक्ष बागायतदार.

आणखी एक खूण माझ्या आवडीची, कारण ती सजवता येत नाही. नावाच्या शेजारी कंपनीचा प्रकार छापलेला असतो. ईएआरएल, जीएईसी किंवा एससीईए ही अक्षरं दिसली तर ती फ्रेंच कायद्यातली शेतीची संस्था. त्यातली जीएईसी बहुतेक वेळा बाप-लेक, भाऊ-भाऊ किंवा नवरा-बायकोनं मिळून केलेली. एसए, एसएएस असेल तर तो कंपनीचा सर्वसाधारण प्रकार. तिथं आणखी चौकशी करा.

फ्रान्समध्येच विकत घेत असाल तर बाटलीच्या डोक्यावरचं झाकणही पाहा. कर भरल्याचा शिक्का म्हणून त्यावर अनेकदा मारियानचं, म्हणजे फ्रान्सचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, चित्र असतं आणि अनेक झाकणांवर एक अक्षर: ‘आर’ म्हणजे रेकोल्तां, ‘एन’ म्हणजे नेगोसियां. शेजारचा 69 हा आकडा रोन जिल्ह्याचा. परदेशी पाठवलेल्या बाटल्यांवर हा शिक्का सहसा नसतो, म्हणून मुंबईत तो दिसला नाही तर शंका घेऊ नका. खांद्यावर पिंप घेतलेल्या माणसाचं बोधचिन्ह दिसलं तर ते ‘व्हिन्यरों ऑंदेपांदां’ या संघटनेचं. तिचे सभासद स्वतःची द्राक्षं, स्वतःची वाइन, स्वतःची बाटली या नियमाला बांधलेले असतात.

‘व्हिएय व्हिन्य’, म्हणजे ‘जुन्या वेली’, या शब्दाला कायद्यात किती वर्षं याची व्याख्याच नाही. वेली साठ वर्षांच्या असतील, पंचवीसच्याही. विचारा.

आता याच्या उलटी गंमत. मोर्गोंमधलं सगळ्यात गाजलेलं घर लापियेर यांचं. मार्सेल लापियेर यांनी 1973 मध्ये घरची बाग हाती घेतली. पुढं ज्यूल शोव्हे या वाइनतज्ज्ञाच्या संगतीनं रासायनिक तणनाशकं, बाहेरचं यीस्ट आणि सल्फर यांच्याशिवाय वाइन करता येते हे त्यांनी दाखवून दिलं. 2010 मध्ये ते गेले, आता मुलगा मात्य आणि मुलगी कामीय बघतात. पण त्यांचीच एक हलकी, रोजच्या जेवणाची वाइन ‘व्हँ द फ्रांस’ या सगळ्यात खालच्या दर्जानं विकली जाते. म्हणजे दर्जाचा शिक्का उपयोगी आहेच, पण तो शेवटचा शब्द नाही. घराचं नाव ठाऊक असलं की शिक्का मागं पडतो.

आणि जमीन नेहमी स्वतःचीच असते असंही समजू नका. बोजोलेत अर्धेलीनं बाग कसण्याची जुनी चाल आहे: जमीन मालकाची, कष्ट कुटुंबाचे, माल निम्मा-निम्मा. तीन पिढ्या राबलेली कितीतरी घरं अशी आहेत. मी त्यांनाही घरचीच वाइन म्हणतो.

साल कोणतं

फार डोकं लावू नका. 2018, 2020, 2022 ही उष्ण सालं: वाइन गडद, पिकल्या जांभळासारखी, अल्कोहोल चढं. 2021 ला एप्रिलात गारठ्यानं कोवळे कोंब जाळले, मग उन्हाळाभर पाऊस. वाइन हलकी, आंबूस, कमी. समीक्षक उष्ण सालांना मान देतात. मी 2021 सारख्या सालाची बाटली दिसली की उचलतो. आपल्या जेवणाबरोबर आंबूसपणा कामाचा, चौदा टक्के अल्कोहोल नाही.

घरी जाऊन घ्यायची तर

लियोंच्या पार्दिए स्टेशनवरून लोकल पकडून बेलव्हिलला उतरा. तिथून विलिए-मोर्गों आठ-दहा किलोमीटर. सायकल किंवा टॅक्सी, कारण परतताना गाडी चालवायची नाही हे उघड आहे. आधी ईमेल किंवा फोन करून वेळ ठरवा. बारा ते दोन कुणाच्या दारात जाऊ नका, ती जेवणाची वेळ. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तोडणीचा हंगाम. त्या दिवसांत पाहुणा म्हणजे लग्नघरात विमा विकायला आलेला माणूस. वेळ मिळालीच नाही तर गावातल्या शातो द फोंत्क्रेनच्या तळघरात मोर्गोंच्या उत्पादकांची एकत्र चव-खोली आहे, तिथं अनेक घरांच्या वाइन चाखता येतात.

चाखताना थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं अपमान नव्हे. उलट, पाच वाइन गिळून सहावीबद्दल मत देणाऱ्याकडे ते मिस्किलपणे बघतात. तीन गोष्टी विचारा: घड हातानं तोडता का, टाकीत अख्खे टाकता का, बाटलीत भरताना सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारं सल्फरचं संयुग, किती घालता.

दुसऱ्या प्रश्नात या वाइनचं सारं मर्म आहे. बोजोलेत घड देठासकट टाकीत ओततात. खालचे मणी वजनानं फुटतात, त्यांचा रस आंबू लागतो, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकी भरून टाकतो. मग वरचे न फुटलेले मणी हवेविना आतल्या आत आंबतात. सालीचा तुरटपणा कमी उतरतो, फळाचा वास जास्त. म्हणून ही लाल वाइन असूनही जिभेला ओरखडत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘अजिबात नाही’ असं आलं तर कौतुक करा, तिथंच एक ग्लास प्या आणि बाटली मात्र सल्फाइटवाली घ्या. काही घरं एकच वाइन दोन्ही प्रकारे भरतात. बिनसल्फाइटची वाइन 14 अंशांखाली ठेवायची असते. विमानतळाच्या तापल्या डांबरावर, टॅक्सीच्या डिकीत आणि आपल्या घरात तिचं काय होईल, याचा विचार करा. दाम साधारण 12 ते 25 युरोंच्या दरम्यान. एक-दोन बाटल्या घेतल्या तरी कुणी तोंड वाकडं करत नाही.

मुंबईपर्यंत

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या; तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली. बाटल्या चेक-इन बॅगेतच. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, वजनाचा हिशोब आधीच करा. आधी जाड प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीनं बंद, मग जीन्सच्या पायात बाटली सरकवून गुंडाळायची, बॅगेच्या मधोमध. कडेला बूट. दोन बाटल्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत.

इथंच दुकानातून घेत असाल तर किंमत पाहून दचकू नका. आयात वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क आकारलं गेलं, वर राज्याचे कर. म्हणूनच दुकान नीट निवडा. बाटली हातात घेऊन झाकणावर बोट फिरवा: कॉर्क वर आलेलं वाटलं किंवा झाकणाखाली चिकट ओघळ दिसला तर ती तापलेली बाटली, परत ठेवा. काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली उभी असलेली तर कधीच नको. रात्री दुकानाचा एसी बंद होतो का, हे मी सरळ विचारतो. दुकानदाराला प्रश्न विचित्र वाटतो, पण त्याच्या उत्तरावर माझी खरेदी ठरते.

घरात ठेवणं

पुण्यात आणलेली माझी पहिली मोर्गों मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली. खास प्रसंगासाठी. प्रसंग मे महिन्यात आला. कॉर्क अर्धा बोट वर सरकलेलं, ग्लासात रंग विटकरी आणि वास काकवीचा. पाहुण्यांनी ‘छान आहे हं’ म्हणत संपवली. मला अजून लाज वाटते.

तेव्हा माळा, गॅसजवळचं कपाट, हॉलमधलं काचेचं शोकेस, तिन्ही बाद. वाइनचा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा बरा. तिथला गारवा वाइनला जरा जास्तच, पण काही महिने काढायला पस्तीस अंशांच्या कपाटापेक्षा शंभर पटीनं चांगला. कॉर्क असेल तर आडवी ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळली की लेबल भिजत नाही. फ्रान्समध्ये चांगली मोर्गों दहा वर्षंही ठेवतात. मुरली की तिला बर्गंडीसारखा वास येतो, आणि या मुरण्यासाठी तिकडे गावाच्या नावावरून क्रियापदच केलं आहे, ‘मोर्गोने’. आपण त्या नादी लागू नये. वर्षाच्या आत प्यावी. म्हणूनच वर कोर्सलेत म्हटलं होतं.

थंड करा, मग उघडा

‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे ऐकीव ज्ञान ज्या खोल्यांतून आलं, त्या दगडी भिंतींच्या, जेमतेम सोळा-सतरा अंशांच्या होत्या. आपली खोली तीस अंशांची. तेवढ्या गरम वाइनला अल्कोहोलचा भपका येतो, फळ गायब होतं. मोर्गों 14 ते 16 अंशांना हवी. बाटली खोलीत असेल तर फ्रिजमध्ये दीड-दोन तास. घाई असेल तर कळशीत किंवा खोल पातेल्यात निम्मं बर्फ, निम्मं पाणी घालून पंधरा मिनिटं. नुसत्या बर्फानं बाटली तितकी पटकन गार होत नाही, पाणी हवंच. भाजीच्या कप्प्यातली बाटली असेल तर उलट पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. बाटलीला हात लावल्यावर माठातल्या पाण्याच्या भांड्यासारखी गार लागली पाहिजे, फ्रिजमधल्या कोल्ड्रिंकसारखी नव्हे.

तोंडावर मेण असेल तर खरवडत बसू नका. स्क्रू मेणातूनच सरळ आत घाला, कॉर्क निम्मं वर आल्यावर मेणाचे तुकडे पुसा, मग पूर्ण ओढा. ग्लास पोट असलेला कोणताही, एक तृतीयांश भरा. लियोंच्या जुन्या खानावळींत ही वाइन 46 सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या बाटलीत आणून साध्या ग्लासांत ओततात. तिकडचे लोक म्हणतात की लियोंला तीन नद्या आहेत: रोन, सोन आणि बोजोले.

पहिला वास काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा आला तर घाबरू नका. ग्लास फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, जाईल. ओल्या पुठ्ठ्याचा, श्रावणात न वाळलेल्या कपड्यांचा वास आला तर मात्र कॉर्क खराब. तो वाढतच जातो. काकवी-खजूर आला तर ती माझ्या माळ्यावरच्या बाटलीची बहीण. सल्फाइट नसलेल्या वाइनमध्ये आणखी एक फसवा दोष असतो: वासाला काही नाही, पण घोट गिळल्यावर दहा सेकंदांनी घशात खवट कुरमुऱ्यांची चव उमटते. ती काही केल्या जात नाही.

ताटात काय

तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चिथावतात, म्हणून तांबडा रस्सा, मिसळ, ठेचा या वाइनबरोबर नको. सोलकढीही नको, आंबटावर आंबट होतं. भरली वांगी मात्र अप्रतिम: दाण्याचा कूट, तीळ, गोडा मसाला आणि किंचित गूळ या सगळ्यांमधून गामेचा आंबूसपणा वाट काढतो. खमंग थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, पाटवडी, मटणाचा पांढरा रस्सा, मिरपुडीचं सुकं चिकन हेही जमतं. कोंबडी-वडे करणार असाल तर रस्सा निम्म्या तिखटाचा करा.

बाबा एकदा पुण्याला आले असताना त्यांच्यासाठी एक उघडली. त्यांनी अर्धा घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि विचारलं, ‘तोडणीला ब्रिक्स किती होतं?’ ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. अल्कोहोलवरून उलटा हिशोब करून मी एकवीस-बावीस सांगितलं. ‘मग खाण्याच्या द्राक्षापेक्षा गोड होतं की,’ म्हणाले, ‘सगळी साखर गेली कुठं?’ ती कुठं जाते हे सांगेपर्यंत त्यांचं थालीपीठ संपलं होतं आणि ग्लासही.

उरली तर

कॉर्क परत लावून नुसती ठेवू नका, बाटलीतली हवा तिला रात्रीत म्हातारी करते. काचेची पाव किंवा अर्ध्या लिटरची स्वच्छ बाटली घ्या, उरलेली वाइन अगदी तोंडापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशीची मोर्गों मला कधी कधी पहिल्या दिवशीपेक्षा आवडते. चौथ्या दिवशी ती मटणाच्या मॅरिनेशनमध्ये ओता.